परवान्यावरचं नाव

सयाजीचं पाकीट मोंबाशाहून आलं तेव्हा मी अंगणात हिरडा वाळत घालत होतो. १९४९ सालचा जानेवारी संपत आला होता. रंगूबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन सात महिने झाले होते. घरात मी, सून गोदावरी आणि अडीच वर्षांची नात हरणा, एवढीच माणसं उरली होती.

सयाजी माझा एकुलता मुलगा. लढाईत तो मोटारदुरुस्तीच्या पलटणीत होता. त्या कामावर आफ्रिकेत राहून आला आणि लढाई संपल्यावर तिथल्याच एका कारखान्यात नोकरीला लागला. गेला तेव्हा हरणा पाच महिन्यांची होती. बायको-पोरीला तिकडे नेण्यासाठी त्याची दोन वर्षं खटपट चालली होती. पाकिटात त्याची चिठ्ठी होती आणि शिक्का मारलेला एक इंग्रजी कागद होता. चिठ्ठीत लिहिलं होतं की परवाना मिळाला. एप्रिल संपायच्या आत दोघींनी मोंबाशाच्या धक्क्यावर उतरलं पाहिजे. त्यानंतर हा कागद रद्द. इथले कायदे कडक होत चाललेत, दुसऱ्यांदा मिळेल याचा भरवसा नाही. हा कागद दाखवून साताऱ्यातून पासपोर्टाचा अर्ज करा. उतरताना हातात रक्कम दाखवावी लागते, तिची तजवीज ठेवा.

मी गोदावरीला चिठ्ठी वाचून दाखवली. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं दुसऱ्यांदा वाचायला लावली. मग म्हणाली, "आनि तुमी?"

"मी काय?"

"तुमच्या भाकरीचं काय?"

"पलटणीत चार वर्सं मी काय उपाशी व्हतो काय?"

"पलटणीत भटारखाना व्हता मामंजी," ती म्हणाली.

मी पहिल्या लढाईत बसऱ्याला गेलो होतो. तेव्हा मला कुणी पासपोर्ट विचारला नाही की हातात रक्कम किती आहे ते विचारलं नाही. एका रात्रीत जहाजावर चढवलं. आता बाईमाणसाला नवऱ्याकडे जायचं तर एवढे कागद. पण केलं पाहिजे म्हणून लागलो कामाला. मेढ्याच्या पोस्टात गोदावरीच्या नावानं बुक उघडलं आणि हिरड्याचे आलेले पैसे, माझं पेन्शन, असं त्यात टाकत गेलो. साताऱ्यात फोटो काढला. फोटोवाला सारखा सांगायचा, "बाई, पदर कानामागं घ्या, कान दिसले पाहिजेत." गोदावरी पदर मागे घ्यायची आणि तो काळ्या फडक्यात डोकं घालेपर्यंत पदर पुन्हा पुढे यायचा. शेवटी हरणानंच तिचा पदर मागून धरून ठेवला. पासपोर्टाच्या फोटोत नीट बघितलं तर खांद्यावर लहान बोटं दिसतात.

कलेक्टर कचेरीबाहेर चिंचेखाली लालासाहेब म्हणून एक अर्ज लिहिणारे बसत. वयानं माझ्याएवढेच, तोंडानं फटकळ, पण कामाला सरळ. त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतला. त्या दिवशी ते घाईत होते, मी सांगत गेलो तसं लिहीत गेले. सुनेचं नाव गोदावरी, नवऱ्याचं सयाजी, राहणार मेढ्याजवळ, तालुका जावळी. परवाना अर्जाला टाचून दिला. चौकीचा शिपाई गावात येऊन चौकशी करून गेला. महिनाभर काही कळलं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कचेरीतून बोलावणं आलं. कारकुनानं अर्ज आणि परवाना शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "जोतीराम हवालदार, तुम्हाला सुना किती?"

"एकच."

"मग ही शालू कोण?"

मी लालासाहेबांना आत बोलावून आणलं. त्यांनी चष्मा वर करून परवाना वाचला. सयाजीची बायको, नाव शालू, आणि मुलगी हरणा. तसं स्पष्ट छापलेलं होतं.

"ते तिचं माहेरचं नाव," मी म्हणालो. "लग्नात आम्ही गोदावरी ठेवलं."

"लग्नात ठेवलं ते मोंबाशाच्या साहेबाला कोण सांगणार?" कारकून म्हणाला. "परवान्यावर एक नाव, पासपोर्टावर दुसरं. बाई धक्क्यावरून परत येईल. अर्ज दुरुस्त करून आणा."

बाहेर चिंचेखाली लालासाहेबांनी मला समोर बसवलं. चूक त्यांचीही होती, परवाना त्यांनी आधी वाचायला हवा होता, ते त्यांनी कबूल केलं. मग म्हणाले, "तुमच्यापुढं वाटा तीन. एक, पोराला कळवायचं आणि तिकडचा परवाना गोदावरीच्या नावानं करून घ्यायचा. त्याला किती महिने लागतील ते देवाला ठाऊक. दोन, इथं लिहायचं गोदावरी ऊर्फ शालू. मग दोन्ही नावांची चौकशी सासरी, माहेरी, मुंबईला."

"ऊर्फ लिहायचं नाही," मी म्हणालो.

"का?"

"बेचाळीस सालापासून चावडीवर कागद लागायचे. अमका ऊर्फ तमका, धरून देणाऱ्याला इनाम. माझ्या सुनेचं नाव तसं लावायचं नाही."

"अहो, ते देशासाठी लपले होते."

"असतील. माझी सून कुठे लपलीय?"

लालासाहेब हसले. "तुम्हाला नको असलं तरी ते वेळेत व्हायचं नाहीच. राहिली तिसरी वाट. तुम्ही घरातले कर्ते. तुम्ही मॅजिस्ट्रेटपुढं शपथेवर सांगायचं की सुनेचं नाव शालू, गोदावरी हे तिचं नाव नव्हे, मी अर्जात चुकून लिहिलं. माहेरहून नावाचा एक दाखला आणायचा. काम आठ दिवसांत होईल."

मी तिथून निघालो तो मोटार अड्ड्यावर जाऊन बसलो.

गोदावरी हे नाव सुनेला रंगूबाईनं दिलं होतं. आमची मुलगी गोदावरी, सयाजीच्या पाठची. नऊ वर्षांची असताना तापानं गेली. तिला जाऊन पंधरा वर्षं झाली. त्यानंतर आमच्या घरात ते नाव कुणी घेत नव्हतं. मी घेत नव्हतो म्हणून रंगूबाई घेत नव्हती. सयाजीच्या लग्नात नाव काय ठेवायचं असं बायका विचारायला लागल्या तेव्हा ती एकदम म्हणाली, गोदावरी. मला विचारलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपाशी "गोदे, पानी आन गं" म्हणाली आणि मी जोत्यावर बसून ते ऐकलं. त्या दिवसापासून आमचं घर पुन्हा बोलायला लागलं. आता रंगूबाई नाही, आणि मी शपथेवर सांगायचं की ते नाव चुकीचं.

खोटं कशाला सांगू, आणखी एक गोष्ट मनात आली. परवाना दुरुस्तीला गेला तर एप्रिल निघून जाईल. मग दोघी घरीच राहतील. सकाळी हरणा माझ्या पायावर बसून झोके घेईल. हे मनात आलं आणि बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

घरी आल्यावर गोदावरीला सगळं सांगितलं. तिसरी वाटही सांगितली. म्हणालो, "मी सयाजीला लिवतो, परवाना गोदावरीच्या नावानं करून घे म्हनून. त्याच्या हातून चुकलंय, त्यानंच निस्तरावं."

ती खाली बघून म्हणाली, "दाखला तर लागंलच. आदी हरिपूरला जाऊन यिऊ या."

हरिपूर सांगलीला लागूनच, नदीकाठी. तिचे वडील नाथाजी तिथे हळदीच्या पेवांवर काम करत. सातारा रोडला मिरजेच्या गाडीत बसलो आणि संध्याकाळच्या आत पोचलो. नाथाजी पेवावरच होते. जमिनीत खोल खड्डा, त्यात व्यापाऱ्यांची हळद साठवलेली. तोंड उघडलं की आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. कंदील विझला तर आतली हवा वाईट, माणूस उतरवायचा नाही. नाथाजींचे हात, धोतर, भुवयासुद्धा पिवळ्या झालेल्या. हरणा त्यांना बघून रडायला लागली.

"आगं रडू नगं," नाथाजी म्हणाले, "तुज्या आज्याला रोजच हळद लागतीया, नवरी काय अजून गावत न्हाई."

घरी गेलो. विहीणबाई लीलाबाईंनी चहा केला. मी नाथाजींना सगळी हकीकत सांगितली आणि माझा विचारही सांगितला.

"पाव्हणं," नाथाजी म्हणाले, "राग धरू नगा. पर परवाना हातात हाय तो सोडायचा आनि नसलेल्याच्या मागं पळायचं, ह्ये कुठलं शानपन? शाळंत तिचं नाव शालू हाय. मास्तर सकाळी दाखला देतुया. करा सही आनि व्हा मोकळं."

"आमच्या दारात आली तवाच तिचं नाव गोदावरी झालं."

"झालं की. आमी काय बोललो? सा वर्सं झाली, पोरगी म्हायेरी आली की मी शालू म्हनाया तोंड उघडतोय आनि ही मला चिमटा काढतीया. दंड बगा माजा."

"मंग काय करू?" लीलाबाई आतून म्हणाल्या. "सासरचं मानूस बसलेलं आसायचं आनि तुमी बोंबलायचं, शाले, शाले!"

"आता बगा, सरकारच म्हनतंय शाले," नाथाजी म्हणाले.

मला हसू आलं नाही. मी जरा चढ्या आवाजात बोललो. म्हणालो, "तुमाला ग्वाड वाटतंय, वाटू द्या. पर ते नाव सयाजीच्या आयनं ठेवलंय. ती आसती तर त्याची ह्ये चूक करायची छाती झाली नसती. आय गेली आनि ह्यानं तिचं नाव पुसलं."

तेव्हा गोदावरी माजघराच्या दारात आली. हरणा कडेवर होती. आई-वडिलांच्या घरात होती म्हणूनच तिला तेवढा धीर झाला असावा.

"मामंजी, त्येनी चुकून न्हाई लिवलं," ती म्हणाली.

"मंग?"

"त्येनी मला कवाच गोदावरी म्हनलं न्हाई."

"बायकूला नावानं हाक कोन मारतंय? मी तुज्या आत्याबाईला जल्मात नावानं हाक मारली न्हाई."

"तसं न्हाई. चौघांत न्हाईच मारत. पर आमी दोगंच आसलो तरी न्हाई." मग एका दमात बोलली. "भनीचं नाव बायकूला कसं घ्येतील, मामंजी? लगीन झाल्यावर चार दिसांनी मला म्हनले, आयला कळू दिऊ नगं, पर माज्या तोंडातनं ते नाव निगायचं न्हाई. म्हनले, गोदीला मी खांद्यावर बसवून वड्याला न्यायचो. तवापास्नं मला शालूच म्हनत्यात, बारीक आवाजात."

नाथाजींनी कप खाली ठेवला.

मला लग्नातलं ते ताट डोळ्यांपुढे आलं. ताटात तांदूळ पसरलेले होते. नवऱ्या मुलानं अंगठीनं त्यात नाव लिहायचं असतं. रंगूबाईनं सयाजीच्या कानात नाव सांगितलं आणि त्यानं अंगठी तशीच धरून ठेवली. बायका हसायला लागल्या, लाजतोय म्हणाल्या. मीही हसलो. मग रंगूबाईनं त्याचा हात धरला आणि त्याच्या हातानं तिनंच नाव लिहिलं. पोरगा मान खाली घालून बसला होता. मला वाटलं लाजतोय. आईला एवढा आनंद झालेला, तिला तो काय सांगणार होता? आम्हा दोघांना आमची मुलगी परत मिळाली. ती त्याची बहीण होती हे आम्हाला सुचलंच नाही. साधी गोष्ट. पण नाही सुचली.

"तुला वाईट नाही वाटलं कधी?" मी विचारलं. माझ्या तोंडून कसं कोण जाणे, शहरी बोलणं आलं. "मेलेल्या पोरीचं नाव."

"न्हाई. आत्याबाई हाक मारायच्या तवा लय मायेनं मारायच्या. मला कळायचं, ह्यातली निम्मी हाक माजी हाय. निम्मी कुनाची ते मी इचारलं न्हाई. निम्मी मिळाली तरी पुरं व्हती."

लीलाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच म्हणाल्या, "बसा, भाकरी टाकते." नाथाजी उठले आणि मागच्या दारी जाऊन बराच वेळ हात धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दाखला दिला. शालू नाथाजी, तिसरी पास. आम्ही परत निघालो. गाडीत मी शालू म्हणून बघायचं ठरवलं होतं, पण पाणी हवं होतं तरी हाक मारली नाही. तहानेलाच राहिलो.

साताऱ्यात लालासाहेबांनी कागद तयार केला. मला वाचून दाखवला. त्यात होतं की माझ्या अज्ञानामुळे सुनेचे नाव गोदावरी असे खोटे लिहिले गेले.

"खोटं काढा," मी म्हणालो.

"मग काय घालू?"

"दुसऱ्याचं. दुसऱ्याचं नाव लिहिलं गेलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तसं लिहिलं.

मॅजिस्ट्रेट तरुण होते. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, "दुसऱ्याचं म्हणजे कुणाचं? ही गोदावरी कोण?"

"माझी मुलगी, साहेब."

"ती कुठे असते?"

पंधरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हणालो, "ती नाही. नऊ वर्षांची असताना वारली. तिच्या आईनं ते नाव सुनेला दिलं. तिची आईही आता नाही. ही शालू. माझ्या मुलाची बायको."

साहेबांनी सुनेकडे बघितलं. तिनं मान हलवली. "शालूच म्हनत्यात मला," ती म्हणाली.

मी सही केली. साहेबांनी शिक्का मारला. कारकून म्हणाला की पासपोर्ट तीन आठवड्यांत येईल, एप्रिलच्या पहिल्या बोटीची तिकिटं काढायला हरकत नाही. पोस्टाचं बुकही नव्या नावानं करून मग पैशांची मुंबईच्या बँकेची हुंडी करावी, असं लालासाहेबांनी सांगितलं. लिहिण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. "पहिल्यांदा नीट वाचलं नव्हतं," म्हणाले, "त्यात वळते केले."

मेढ्याला जाणाऱ्या मोटारीत मागची जागा मिळाली. हरणा आईच्या मांडीवर झोपली. मोटार भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना. शेवटी एक म्हातारी कोंबड्यांची पाटी घेऊन चढली आणि आम्ही निघालो. चढ लागला. एंजिन तापलं म्हणून एकदा थांबून पाणी घातलं. तिथे सून मला म्हणाली, "मामंजी, येक इचारू?"

"इचार, शालू."

म्हणालो खरा. आवाज बारीक आला. ती हसली, पण तोंड खिडकीकडे करून.

मग म्हणाली, "गोदावरी कशी व्हती? सा वर्सं तिचं नाव घिऊन फिरले. मला कुनी सांगितलं न्हाई."

गोदावरीबद्दल मी रंगूबाईजवळसुद्धा कधी बोललो नव्हतो. मग म्हणालो, "लय खोटं बोलायची."

"खोटं?"

"जेवले म्हनायची आनि आपली भाकरी शेरडाला घालायची. शेरडू लठ्ठ आनि ही काडी. तुज्या आत्याबाईनं येकदा पाळत ठिवून धरलं. तर म्हनती कशी, आये, त्येला आय न्हाई, मला हाय, तवा मला तू पुन्ना दे."

ती हसली. मीही हसलो. पुढच्या बाकावरची म्हातारी मागे वळून बघायला लागली. मी सांगत राहिलो. गोदावरीला शीळ घालता यायची आणि मुलीच्या जातीनं शीळ घालू नये म्हणून मी रागावलो होतो, ते सांगितलं. तिचे केस कुरळे होते आणि रंगूबाई दर रविवारी ओसरीवर बसून ते विंचरायची तेव्हा सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढी ओरडायची. सयाजी तिला वाचवायला यायचा आणि आईच्या हातातली फणी घेऊन पळायचा. रंगूबाई त्याच्या मागे धावायची आणि धावता धावता हसून खाली बसायची. तिचं ते हसणं सांगताना मी थांबलो. शालूनं हरणाचं डोकं मांडीवर नीट केलं. मग मी पुढे सांगितलं.

तापाचं सांगायचं राहिलं होतं तेवढ्यात मोटार थांबली. कंडक्टर म्हणाला, "मेढा आलं, उतरा."

"ऱ्हायलं थोडं," मी म्हणालो.

शालूनं हरणाला खांद्यावर घेतलं, कागदाची पिशवी माझ्याकडे दिली. "चला," म्हणाली, "अजून दोन मैल चालायचं हाय. सावकाश सांगा."